प्रकाशाचे शीड

डहाणूच्या खाडीतून पूर्वी शिडाची गलबते ये-जा करीत. वारा पडला, की ती थबकत. अंतराळात तर वाराच नसतो. तेथे शीड कशाने फुगावे? सूर्यप्रकाशाने! चकचकीत पडद्यावरून प्रकाश परावर्तित होताना त्या पडद्याला किंचित रेटा देतो. जपानने 2010 साली शुक्राकडे धाडलेल्या ‘इकारोस’ यानाला असेच केसाहून पातळ, 14 मीटर लांब-रुंद शीड होते. त्यावरील रेटा तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या भाराएवढाच होता. तरीही त्याने यानाचा वेग बदलला. सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की हा रेटा चौथाई उरतो. परंतु तो अखंड लाभतो आणि त्यासाठी इंधन जाळावे लागत नाही. म्हणूनच दूरच्या अंतराळप्रवासासाठी शास्त्रज्ञांना या शिडाची आशा वाटते.