मोजणीचाही भार मोजा

दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी राज्यभरातल्या लाखो घरांतून एकाच वेळी बैठक क्रमांक टाकले जातात. सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकिटांसाठी रेल्वेच्या आरक्षण संकेतस्थळावर अशीच झुंबड उडते. अशा वेळी संकेतस्थळ चालवणाऱ्या अभियंत्यांच्या दोन अपेक्षा असतात. सर्व्हरने आपली सगळी ताकद लोकांना उत्तरे देण्यात लावावी आणि तो कुठे अडतो आहे हे आपल्याला क्षणोक्षणी कळावे. अडचण अशी की ही देखरेख बहुधा त्याच सर्व्हरवर चालते. त्याचाच प्रोसेसर, त्याचीच मेमरी, त्याचीच डिस्क ती वापरते. त्यामुळे देखरेखीची व्यवस्था निवडताना ती किती बारीकसारीक माहिती देते, हा प्रश्न दुसरा. गर्दी दहापट झाली तर तिचा स्वतःचा खर्च किती वाढेल, हा प्रश्न पहिला विचारायला हवा. तो खर्च जवळपास स्थिर राहिला पाहिजे.

पाच टक्के खर्चाने असे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण रांगेचे गणित पाहा. समजा, एका विनंतीमागे सर्व्हरला १० मिलिसेकंदांचे काम पडते आणि तो निम्मा वेळ मोकळा असतो. विनंत्या अनियमितपणे येतात आणि काम करणारा एकच आहे, असे धरणाऱ्या सर्वांत साध्या सूत्राप्रमाणे रांगेत थांबण्यासह सरासरी २० मिलिसेकंदांत उत्तर मिळते. मोजणीमुळे प्रत्येक विनंतीवरचे काम पाच टक्क्यांनी वाढले, तर हा आकडा २२ होतो. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता तोच सर्व्हर ९० टक्के वेळ कामात आहे असे धरा. मोजणीशिवाय उत्तराला १०० मिलिसेकंद लागतात. तीच पाच टक्क्यांची भर पडली की सुमारे १९१ लागतात. म्हणजे शांत दिवशी निरुपद्रवी ठरलेली मोजणी ऐन गर्दीत उत्तराचा वेळ जवळजवळ दुप्पट करते. शांत दिवशी घेतलेल्या चाचणीवर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हा खर्च कुठे दडलेला असतो, याची उदाहरणे जुनी आणि बोलकी आहेत. अपाचे या वेब सर्व्हरच्या १.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत पाहुण्याच्या आयपी क्रमांकावरून त्याच्या संगणकाचे नाव शोधण्याची सोय आपोआप सुरू असे. लॉगमध्ये नाव दिसावे एवढ्यासाठी प्रत्येक विनंती दुसऱ्या एखाद्या नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी ताटकळत राही. पुढे ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. दुसरे उदाहरण लिनक्सवरच्या एस-ट्रेस (strace) या साधनाचे. एखादा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो हे ते दाखवते, पण त्यासाठी प्रत्येक मागणीच्या आधी आणि नंतर त्या प्रोग्रॅमला थांबवते. बिघाड शोधायला ते उत्तम आहे. भर गर्दीत चालत्या सर्व्हरला ते जोडणे मात्र त्याला आणखी खाली ढकलणे होय.

यातून वाट निघते ती नोंद आणि मोजदाद यांतला फरक ओळखण्याने. दर्शनबारीत प्रत्येक वारकऱ्याचे नाव-गाव वहीत उतरवत बसले तर रांग हलणार नाही. दारातून किती जण आत गेले एवढे मोजले तर रांगेला कळतही नाही. सर्व्हरमध्ये मेमरीतला एक आकडा एकाने वाढवणे हे प्रोसेसरच्या दृष्टीने नगण्य काम आहे, तर लॉगची एकेक ओळ तयार करून डिस्कवर लिहिणे त्याहून कितीतरी महाग. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली सुरू झालेली प्रोमिथियस ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. सर्व्हर फक्त आकडे वाढवत राहतो आणि दुसरे यंत्र येऊन, समजा दर १५ सेकंदांनी, ते वाचून नेते. मिनिटाला शंभर विनंत्या येवोत की लाख, वाचन चारदाच होते. लॉग हवेच असतील तर एंजिनएक्समध्ये ते आधी मेमरीत साठवून एकगठ्ठा लिहिण्याची सोय आहे. उत्तरांचा वेळही असाच ठरावीक गटांत मोजावा. ५० मिलिसेकंदांच्या आत किती, १०० च्या आत किती, सेकंदापुढे किती. नुसती सरासरी फसवते. नव्याण्णव जणांना ०.१ सेकंदात आणि एकाला १० सेकंदांनी उत्तर मिळाले, तरी सरासरी ०.२ सेकंदांच्या आतच राहते आणि त्या एकाची तक्रार कागदावर उमटत नाही.

यावर अनुभवी अभियंते एक रास्त आक्षेप घेतात. आकडे सांगतात की काहीतरी अडले आहे, पण नेमके कुठे अडले हे कळायला एकेका विनंतीचा आरंभापासून अखेरपर्यंत माग काढावा लागतो. हे खरे आहे, आणि त्याचे उत्तर नमुना घेण्यात आहे. गूगलने आपल्या डॅपर या माग काढणाऱ्या प्रणालीविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची मोजमापे दिली आहेत. वेब-शोधाच्या सर्व्हरसमूहावर प्रत्येक विनंतीचा माग ठेवला तेव्हा सरासरी विलंब १६.३ टक्क्यांनी वाढला. सोळांतल्या एकीचाच ठेवला तेव्हा वाढ सुमारे दोन टक्क्यांवर आली, म्हणजे प्रयोगाच्या त्रुटीच्या आत. १०२४ मधून एक निवडल्यावर परिणाम दिसेनासा झाला. एवढ्या विरळ नमुन्यातून दुर्मीळ बिघाड निसटेल, ही भीती मोठ्या गर्दीत फारशी टिकत नाही. सेकंदाला १०,००० विनंत्या येत असतील तर १०२४ मधून एक घेऊनही तासाला सुमारे ३५,००० नमुने हाती लागतात. शिवाय चुकलेल्या विनंत्यांची संख्या आकड्यांत पूर्ण मोजली जातेच. बँकेच्या व्यवहारांसारख्या नोंदींत मात्र एकही गाळून चालणार नाही. त्या कामाचाच भाग आहेत, त्यांचा खर्च क्षमता ठरवतानाच धरलेला असावा.

उलट टोकाचा सल्लाही मिळतो, की मोठ्या दिवशी देखरेख बंदच ठेवावी. त्याची किंमत अमेरिकेने पाहिली आहे. तिथल्या केंद्र सरकारचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली. मदतीला आलेल्या अभियंत्यांना संकेतस्थळाची प्रकृती दाखवणारा डॅशबोर्ड आधी बसवावा लागला, कारण दुखणे कुठे आहे हे दिसल्याशिवाय उपाय सुरूच करता येत नव्हता. आणखी सर्व्हर लावा, हा सल्लाही याच कारणाने अपुरा पडतो. अडथळा सामाईक डेटाबेसमध्ये असेल, तर पुढचे सर्व्हर वाढवल्याने त्याच्यावरची गर्दी वाढतेच.

निकाल, प्रवेश, भरती, तिकिटे यांची संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी एक साधी चाचणी सक्तीची करावी. अपेक्षित गर्दीइतका कृत्रिम भार दोनदा द्यावा, एकदा देखरेख चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून. दोन्ही फेऱ्यांत उत्तराला लागलेल्या वेळेतला फरक निविदेत आणि अहवालात लिहावा. तो फरक गर्दीबरोबर वाढत असेल, तर ती देखरेख निकालाच्या दिवसाआधीच बदलायला हवी.