जुनी छायाचित्रे आणि संगणकाची मेमरी

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवण्याचे आवाहन केले, तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक घरांतून पेट्या उघडल्या गेल्या. काही छायाचित्रांवर बुरशी चढली होती, काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, काही चौकटीच्या काचेलाच चिकटली होती. आपल्या भागातील पावसाळ्यात कागद टिकवणे सोपे नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी तेव्हाच्या चांदा शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्या पिढीतील अनेकांचा चेहरा आज घरातल्या एखाद्याच छायाचित्रात उरला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे अस्सल साधन आहे. ते जपायचे तर ते संगणकावर घेणे आणि जमेल तितके दुरुस्त करणे आवश्यक आहे.

या कामात आम्हांला पहिली ठेच लवकरच लागली. एक मोठे समूहचित्र स्कॅन करून जुन्या संगणकावर उघडले आणि पडदा जागीच थिजला. चौकशी केली तेव्हा महागडे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा सल्ला मिळाला. तो सल्ला मानला असता तर पैसे गेले असते आणि काम अडलेलेच राहिले असते. अडचण ग्राफिक्सची नव्हती, मेमरीची होती. हा फरक पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी समजून घेतल्यास त्यांचा खर्च वाचेल.

संगणकात साठवणुकीच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे वाचनालयातील कपाट. रॅम म्हणजे वाचायला बसण्याचे टेबल. कपाट कितीही मोठे असले तरी एका वेळी टेबलावर मावतील तेवढीच पुस्तके उघडता येतात. टेबल भरले की फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर जास्तीची माहिती डिस्कवर ठेवते आणि लागेल तशी परत आणते. त्या राखीव जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ही ये-जा वाढली की काम मंदावते, कधी पूर्ण थांबते.

आता त्या समूहचित्राचा हिशेब करू. त्याचा आकार १२ इंच बाय १० इंच. दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले, तर ७,२०० गुणिले ६,००० म्हणजे ४ कोटी ३२ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रातील प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणजे सुमारे १३० एमबी. रंगछटा अधिक बारकाईने, १६ बिटमध्ये घेतल्या तर २६० एमबी. दुरुस्तीसाठी असे पाच थर एकावर एक ठेवले की १३०० एमबी, म्हणजे १.३ जीबी झाले. शिवाय केलेली प्रत्येक कृती मागे घेता यावी म्हणून सॉफ्टवेअर आधीच्या अवस्थाही लक्षात ठेवते. आमच्या संगणकाची रॅम अवघी ४ जीबी होती आणि त्यातील बराच भाग विंडोजच वापरत होते. मग पडदा थिजेल नाही तर काय!

फाइलचा आकार पाहूनही फसगत होते. मोबाइलवरील १ कोटी २० लाख ठिपक्यांचे छायाचित्र जेपीईजी स्वरूपात ४ एमबीचे दिसते. पण उघडल्यावर रॅममध्ये ते ३६ एमबी जागा घेते.

ग्राफिक्स प्रोसेसरचे काम वेगळे आहे. चित्र लहान-मोठे करणे, सरकवणे, फिरवणे, काही ठरावीक फिल्टर चालवणे, ही कामे तो वेगाने करतो. अडोबी कंपनी फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी रॅम सांगते आणि १६ जीबी किंवा अधिक असावी असे सुचवते. ग्राफिक्सची मेमरी मात्र किमान दीड जीबी पुरते. ४ जीबीची शिफारस ४-के पडद्यांसाठी आहे. साध्या संगणकात वेगळे कार्ड नसते. तेथे ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेते. त्यामुळे अशा संगणकात रॅम वाढवली की दोन्हींचा लाभ होतो.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी १६ जीबी रॅम, मग एसएसडी, मग चांगला स्कॅनर, वेगळे ग्राफिक्स कार्ड सर्वांत शेवटी. जुन्या यंत्रात रॅम घालण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. डीडीआर-३च्या जागी डीडीआर-४ बसत नाही. आणि घरोघरी वापरले जाणारे ३२ बिटचे विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. फोटोशॉपचे वर्षाचे शुल्क परवडत नसेल तर गिम्प हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि डाग-चिरा काढण्यासाठी ते पुरेसे आहे. यंत्र कमकुवतच असेल तर ३०० ठिपक्यांनी स्कॅन करावे. मेमरीची गरज एक चतुर्थांशावर येते. रॅममधील मजकूर वीज जाताच पुसला जातो, हे आपल्या भागात विसरून चालत नाही. यूपीएस ठेवावा आणि काम दर काही मिनिटांनी जतन करावे.

शेवटी एक गोष्ट इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो. नवी सॉफ्टवेअर फाटलेल्या जागी स्वतःहून चेहरासुद्धा भरून देतात. तो चेहरा आपल्या आजोबांचा नसतो, यंत्राच्या अंदाजाचा असतो. डाग काढणे ही दुरुस्ती. नसलेला चेहरा घालणे ही बनावट. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्यांनी आपल्या हातातील पुरावा अधिकच शुद्ध ठेवला पाहिजे. म्हणून मूळ स्कॅन टीआयएफएफ स्वरूपात, काहीही बदल न करता, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवरच करावी.

आणखी एक विनंती. छायाचित्रातील माणसांची नावे, गाव आणि वर्ष घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीच्या चित्रातील पाटीवर ‘जिल्हा चंद्रपूर’ दिसले, तर त्याचा अर्थ पुढच्या पिढीला उमगला पाहिजे. रॅम बाजारात विकत मिळते. आजीला आठवणारी नावे मात्र तिच्याकडूनच मिळतील.