आधी रकाने, मग आकडे

प्रयोगशाळेत निरीक्षणे घेण्यापूर्वी आपण वहीत तक्ता आखतो. प्रत्येक रकान्यावर राशीचे नाव व एकक लिहितो आणि मगच आकडे भरतो. पीएचपी या संगणकभाषेत मात्र रकाना न आखताही आकडा भरता येतो. त्यातून एक फसवी चूक कशी उद्भवते, ते पाहू या.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. जुन्नर-आंबेगावकडील तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. समजा, शाळेच्या प्रदर्शनासाठी तुम्ही तबकडीविषयी पीएचपीत एक प्रोग्रॅम लिहिला. ‘तबकडी’ हा झाला क्लास, म्हणजे साचा. ‘व्यास’ आणि ‘वारंवारता’ या त्याच्या प्रॉपर्टी, म्हणजे गुणधर्म. पीएचपीत अशी नावे देवनागरीतही देता येतात.

वारंवारता प्रथम १५० मेगाहर्ट्झ ठेवली. ३०० ला या आकड्याने भागले, की तरंगलांबी मिळते २ मीटर. आता हायड्रोजनच्या तरंगांसाठी १४२० हा आकडा द्यायचा आहे. पण टंकताना ‘वारंवरता’ असे उमटले. एक काना गळला! पीएचपीच्या ८.२ पूर्वीच्या आवृत्त्या येथे काहीच बोलत नाहीत. ‘वारंवरता’ नावाची नवी प्रॉपर्टी गुपचूप तयार होते, १४२० तिच्यात जाऊन बसतात आणि खरी वारंवारता १५० च राहते. उत्तर यायला हवे सुमारे २१ सेंटिमीटर. येते २ मीटर. प्रोग्रॅम कोठेही अडत नाही, म्हणूनच ही चूक घातक.

डिसेंबर २०२२ मधील ८.२ आवृत्तीपासून, साच्यात घोषित न केलेली प्रॉपर्टी अशी निर्माण झाली की पीएचपी तिचे नाव घेऊन इशारा देते. मात्र खऱ्या प्रॉपर्टी आधी साच्यात घोषित केलेल्या हव्यात. नाहीतर बरोबर नावालाही तोच इशारा मिळेल. मग चूक ओळखणार कशी?

२०१९ च्या ७.४ आवृत्तीपासून प्रॉपर्टीच्या नावाआधी तिचा प्रकारही सांगता येतो. ‘फ्लोट’ म्हणजे दशांश संख्या. असा प्रकार सांगितल्यावर तेथे ‘दीडशे’ हा शब्द भरू गेलात, किंवा काहीच न भरता किंमत वाचू गेलात, तर प्रोग्रॅम तेथेच थांबतो. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे प्रयोगवहीइतकेच येथेही खरे.

शाळेच्या संगणकावर हा प्रयोग जरूर करा. आधी दोन्ही प्रॉपर्टी घोषित करा, मग मुद्दाम एक काना गाळा आणि पीएचपी काय सांगते ते वाचा.