नवगावची चौदा माणसं, कासलबारच्या तळ्याकाठी

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं अश्दोदहून आयर्लंडला, कासलबारला मुलीकडे गेलो होतो. मेयो परगण्यातलं हे गाव. पाऊस आपल्या कोकणासारखा, फक्त थंड. आमच्या नऊ वर्षांच्या नातीला तिथे एक छंद लागला आहे. खेळण्यातल्या आगगाडीच्या स्टेशनावर ठेवतात ती इवलीशी माणसं घ्यायची, बाहेर खऱ्या गवतात, दगडांत उभी करायची आणि फोटो काढायचे. फोटोत गवताचं रान होतं नि डबक्याचा समुद्र.

जगात हे बरेच जण करतात. लंडनच्या रस्त्यांवर स्लिंकाचू या टोपणनावाच्या कलाकाराने २००६ साली हे सुरू केलं. तो फोटो काढून माणसं तिथेच सोडून येतो! आम्हाला मात्र दिवाळीतले मातीचे किल्ले आठवले. शेजारची मुलं त्यावर मावळे मांडायची आणि आपलीही मुलं त्यांच्यात असायची.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर नातीला आपली जुनी गोष्ट सांगितली. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं त्यांनी किनाऱ्यावर दोन ठिकाणी पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. ग्रंथ, सामान सगळं बुडालं, ‘शेमा’ तेवढा तोंडी राहिला. पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, “आजी, रविवारी आपण हेच करूया.”

रविवारी लॉख लॅना तळ्यावर गेलो. समोर ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर ढगात अर्धा बुडालेला. जहाज म्हणून नारळाची फुटकी करवंटी नेली होती. ही माणसं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची, म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर उंच. त्या मापाने बारा सेंटीमीटरची करवंटी दहा मीटरचं गलबत झाली. माणसं सगळी हॅटवाले युरोपियन प्रवासी, हातात बॅगा. नात म्हणाली, “सामान तर बुडालं ना?” मग आजोबांनी नखं कापायच्या कात्रीने सगळ्यांच्या बॅगा छाटल्या. हॅटी राहिल्या, काय करणार!

मुलांनो, युक्ती सांगतो. पायाखाली शब्बाथच्या मेणबत्तीचं उरलेलं मेण लावा, माणूस पडत नाही. (फोटो मात्र शब्बाथला नाही हं!) वरून काढलात तर खेळणंच दिसेल. मोबाईल उलटा धरा, म्हणजे भिंग जमिनीजवळ येतं आणि त्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल तेच तुम्हाला दिसतं. ऊन नसलं तर बरं, सावल्या मऊ पडतात. आणि पाणी शांत हवं. माणूस लहान केला तरी पाणी लहान होत नाही, एक थेंब त्याच्या डोक्याएवढा दिसतो.

दोन तास पोटावर पडून नातीने मांडणी केली. वाळूच्या दोन ढिगाऱ्याही केल्या, आम्ही न सांगता. तेवढ्यात काठाने एक बदक फडफडत गेलं, लाट आली आणि एक बाई वाहून गेली.

आम्ही म्हटलं, “जाऊ दे गं, तेरा चालतील. कोण मोजतंय?”

“सात आणि सात असं तूच सांगितलंस ना, आजी!”

अर्धा तास शोधलं. पोरगी गुडघाभर पाण्यात, डोळ्यांत पाणी. शेवटी आजोबांनी एक उभट काळा खडा उचलला आणि सगळ्यांच्या मागे, करवंटीजवळ रोवला. नातीने तो दोनदा हलवून नीट बसवला, मगच फोटो काढला. मागचं सगळं धूसर आलं आहे. आम्ही चष्मा लावून मोजलं, चौदा भरतात.

फोटो सोबत दिला आहे. खडा कोणता ते बालवाचकांनी ओळखून कळवावे.