काहीच न घडणारा चित्रपट कसा पाहावा?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने २०२२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात 'जान दिएलमान' हा फ्रेंच भाषेतील चित्रपट सर्वकालीन सर्वोत्तम ठरला. १९५२ पासून दर दहा वर्षांनी होणाऱ्या या कौलात स्त्री दिग्दर्शकाची कलाकृती अग्रस्थानी येण्याची ती पहिलीच वेळ होती. बेल्जियमच्या शांताल आकरमन यांनी ऐन पंचविशीत केलेला हा चित्रपट १९७५ मध्ये प्रदर्शित झाला. तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटात काहीच घडत नाही, अशी तक्रार मात्र प्रेक्षकांकडून हमखास ऐकू येते.

ब्रुसेल्समधील एका विधवेच्या तीन दिवसांची ही कथा आहे. मुलासाठी स्वयंपाक, भांडी, बाजारहाट आणि दुपारी ठरलेल्या वेळी येणारा परपुरुष, असा तिचा दिनक्रम. देहविक्रयाचे पैसे ती जेवणाच्या टेबलावरील सूपच्या भांड्यात ठेवते. देल्फीन सेरिग यांनी साकारलेली जान फार थोडे बोलते. कॅमेरा जागचा हलत नाही, तिच्या चेहऱ्याजवळ जात नाही. भावना सुचवणारे पार्श्वसंगीतही नाही.

मग अस्वस्थता येते कोठून? पहिला दिवस प्रेक्षकाला जानची शिस्त शिकवतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा, भांड्यावर झाकण ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बटाटे गरजेपेक्षा जास्त शिजतात, पैशांच्या भांड्यावरचे झाकण राहून जाते. एरवी या चुका नजरेतून सुटल्या असत्या. येथे मात्र त्या छातीत धडकी भरवतात, कारण एव्हाना तिची घडी आपल्याही अंगवळणी पडलेली असते. चित्रपटाची लांबी त्यासाठीच आहे.

बहुतेक चित्रपट स्वयंपाकघरातील काम काही क्षणांत आटोपतात. आकरमन यांनी तेच पूर्ण वेळ दाखवले. घर चालवणाऱ्या स्त्रीचे श्रम आणि त्यांखाली दडपलेली घुसमट हाच त्यांचा विषय आहे.

त्यामुळे हा चित्रपट शक्यतो एकाच बैठकीत, मोबाइल दूर ठेवून पाहावा. 'पुढे काय होणार' यापेक्षा 'कालच्यापेक्षा आज काय बदलले' हा प्रश्न मनात असू द्यावा. मधेच कंटाळा आला तरी बिघडत नाही. जानलाही त्या दिवसांतून सुटका नाही. शेवटी ती कित्येक मिनिटे टेबलापाशी नुसती बसून राहते. तोवरचे तीन दिवस लक्षपूर्वक पाहिलेल्याला त्या शांततेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.