'टी लीव्ह्ज': चहाची पाने आणि इंग्रजीतले अर्थ

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर 'रीडिंग द टी लीव्ह्ज' हा वाक्प्रचार वारंवार आढळतो. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक व्याजदर बदलणार का, याचे अंदाज बांधले जात असताना तर तो हमखास भेटतो. शब्दशः अर्थ 'चहाची पाने वाचणे'. मराठीत आणताना 'अभ्यास करणे' असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो आणि तिथेच अर्थाची गफलत होते.

या वाक्प्रचारामागे भविष्यकथनाची एक जुनी पद्धत आहे. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती विशेष लोकप्रिय होती. न गाळलेला चहा पिऊन तळाशी थोडासा शिल्लक ठेवायचा, कप गोल फिरवून बशीवर पालथा घालायचा आणि आत चिकटलेल्या पानांत नांगर, साप, पक्षी असे आकार शोधून भविष्य सांगायचे. 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझकाबान' (१९९९) या जे. के. रोलिंग यांच्या कादंबरीतील एका तासाला विद्यार्थी हेच शिकतात. आपल्याकडे पाने गाळण्यातच राहत असल्याने हा संदर्भ चटकन लक्षात येत नाही. टी बॅग आल्यानंतर ब्रिटनमध्येही ही पद्धत मागे पडली. वाक्प्रचार मात्र टिकला.

आज त्याचा अर्थ आहे, अपुऱ्या आणि अस्पष्ट खुणांवरून पुढचे ताडणे. आपल्या 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीत परीक्षेविषयी खात्री असते. 'टी लीव्ह्ज'मध्ये नेमकी तीच नसते. किंबहुना किंचित उपहासच असतो. 'अभ्यास' या शब्दाने ही शंका पुसली जाते आणि वाचकापर्यंत अंदाज निष्कर्ष होऊन पोहोचतो.

लंडनच्या कॉकनी बोलीत मात्र 'टी लीफ' म्हणजे चक्क चोर! चोराला इंग्रजीत 'थीफ' म्हणतात. त्याच्याशी 'लीफ'चे यमक जुळते, एवढाच संबंध. या बोलीत यमकावरून असे अनेक शब्द घडले आहेत. जिन्यासाठी असलेला 'स्टेअर्स' हा शब्द तिथे 'अॅपल्स अँड पेअर्स' होतो.

तेव्हा लंडनमध्ये कोणी 'टी लीफ' म्हणून ओरडले, तर खिसा सांभाळावा. आणि गुंतवणुकीच्या बातमीत 'टी लीव्ह्ज' दिसली, तर पुढचा मजकूर हा अंदाज आहे, हे ध्यानात ठेवूनच पैशाचा निर्णय घ्यावा.