लेकीचा इंग्रजीचा धडा आणि आईचे पाच प्रश्न



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी आमच्या गटातली एक ताई उठेना. तिची मुलगी बारावीला इंग्रजीत राहिली होती. घरात बोलणं सुरू झालं होतं, "बसवा आता घरी, स्थळं बघू." ताई म्हणाली, "मला एबीसीडी येत नाही. मी लेकराला काय मदत करू?" आजचं बोलणं त्या ताईसाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी बघू, त्या पुस्तकात असतं तरी काय. २०२० साली आलेल्या बारावीच्या 'युवकभारती' पुस्तकात आर. के. नारायण यांची एका ज्योतिष्याची गोष्ट आहे. हा ज्योतिषी रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसतो. त्याला ज्योतिषातलं काही कळत नाही, पण माणसं ओळखता येतात. एका रात्री एक गिऱ्हाईक येतं. काडी पेटते, त्या उजेडात ज्योतिषी त्याचा चेहरा बघतो आणि हादरतो. तरुणपणी दारू-जुगाराच्या भांडणात त्याने याच माणसाला भोसकून विहिरीत टाकलं होतं आणि मेला समजून गाव सोडलं होतं. तो माणूस आता मारेकऱ्याला शोधत फिरतोय. ज्योतिषी त्याला सांगतो, "तुझा वैरी लॉरीखाली मेला. घरी जा, परत या बाजूला येऊ नकोस." तो निघून जातो. रात्री ज्योतिषी बायकोला सगळं सांगतो. आपल्या हातून खून झालाच नाही, म्हणून मनावरचं ओझं उतरतं आणि तो झोपतो.

आता सांगा, यातलं काय कळलं नाही? गोष्ट आपल्या ओळखीची आहे, भाषा तेवढी परकी आहे. पण आपली मुलं गोष्टीत शिरतच नाहीत. गाइडमधली उत्तरं पाठ करतात. मीही तेच केलं होतं. प्रश्न जरा फिरवून आला की सगळं विसरायला व्हायचं.

म्हणून आईने भाकरी थापता थापता लेकीला म्हणायचं, "आजचा धडा मला मराठीत सांग." मग पाच प्रश्न विचारायचे. गोष्टीत कोण कोण आहे? कुठे आणि केव्हा घडलं? प्रत्येकाला काय हवं होतं? गोष्ट कुठे फिरली? आणि तू त्याच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? वर्गातही याच गोष्टी शिकवतात, फक्त त्यांना पात्र, स्थळ-काळ, कथानक, आशय अशी नावं आहेत. पाचवा प्रश्न सोडू नका. परीक्षेत उतारा समोर छापलेला असतो, आणि त्यावर स्वतःचं मत लिहायलाही सांगतात. ते मत गाइडमध्ये कसं सापडणार?

नाटकाची रीत थोडी वेगळी. त्यात गोष्ट सांगणारा कुणी नसतो, माणसं बोलतात त्यातूनच सगळं कळतं. म्हणून नाटक मोठ्याने, वाटून वाचायचं. अकरावीच्या पुस्तकात इब्सेन या नॉर्वेच्या लेखकाच्या १८८२ सालच्या नाटकाचा उतारा आहे. नाव 'लोकांचा शत्रू'. एका गावात औषधी स्नानगृहं आहेत. पाहुणे येतात, गावाला पैसा मिळतो. गावचा डॉक्टर तपासणी करून सांगतो, पाणी दूषित आहे. दुरुस्तीला खर्च फार, म्हणून नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊच विरोधात जातो. भरसभेत लोक डॉक्टरला गावाचा शत्रू ठरवतात. त्याच्या शिक्षिका मुलीची नोकरी जाते. पाण्याचं खरं बोलणाऱ्या बाईला ग्रामसभेत गप्प बसवतात, ते आपण पाहिलंय ना? मग हे नाटक लेकीला आपणच जास्त चांगलं समजावू शकतो.

एक मात्र खरं सांगते. एवढ्याने स्पेलिंग आणि व्याकरण येत नाही. गोष्ट मराठीत सांगून झाली की तीच लेकीने पाच-सहा सोप्या इंग्रजी वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहायची. रोज. मग ती वाक्यं मोठ्याने म्हणायची. बारावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी असतात, त्यामुळे म्हटलेलंही कामी येतं. चुका शिक्षकांकडून तपासून घ्यायच्या. न येणारा शब्द शिक्षकांना विचारायची लाज वाटू देऊ नका.

त्या ताईची लेक आता पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरणार आहे. पास होईल की नाही, ते आज कसं सांगू? पण परवा ताईने ज्योतिष्याची गोष्ट सगळ्या गटाला सांगितली आणि मग विचारलं, "त्याने बायकोला खरं सांगितलं, ते बरं केलं का?" बायकांत अर्धा तास वाद झाला. लेक बाजूला बसून लिहून घेत होती.

मैत्रिणींनो, एका विषयात राहिली म्हणून मुलीला घरी बसवू नका. आज रात्री तिला एवढंच म्हणा, "धडा सांग, मी ऐकते."